इंटेलने मॅकॅफी का घेतली? एका सेमिनारने लावलेली अभ्यासाची दिशा

२०१० च्या ऑगस्टमध्ये मी नांदेडला संगणक अभियांत्रिकीच्या अंतिम वर्षाला होतो आणि सेमिनारसाठी विषय शोधत होतो. त्या महिन्याच्या १९ तारखेला इंटेलने मॅकॅफी ही अँटिव्हायरस कंपनी विकत घेत असल्याचे जाहीर केले. समभागामागे ४८ डॉलर रोख, एकूण ७६८ कोटी डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दराने पस्तीस हजार कोटी रुपयांच्या वर. आदल्या दिवशीच्या बाजारभावाहून ही किंमत सुमारे ६० टक्क्यांनी जास्त होती. प्रोसेसर बनवणाऱ्या कंपनीला अँटिव्हायरससाठी एवढे पैसे का मोजावेसे वाटले, हे मला उमगेना, आणि उमगत नाही म्हणूनच मी तो विषय घेतला. सुरक्षा क्षेत्रात नव्याने येणाऱ्यांनी हे प्रकरण मुळातून वाचावे असे मला आजही वाटते, कारण त्यात संगणकाची रचना, ऑपरेटिंग सिस्टिम आणि धंदा या तिन्ही गोष्टी एकाच ठिकाणी भेटतात.

अँटिव्हायरसशी माझी तोवरची ओळख दुकानातली होती. सुट्टीत मी परभणीत एका ओळखीच्या संगणक दुरुस्तीच्या दुकानात बसत असे. लग्नाचे फोटो घेऊन आलेल्या पेनड्राइव्हमध्ये फोल्डरचे चित्र लावलेली ‘न्यू फोल्डर’ नावाची फाइल हमखास असायची, आणि तिच्यावर दोनदा क्लिक केले की पुढचे सांगायला नको. उपाय ठरलेला होता: डेटा बाजूला काढायचा, फॉरमॅट मारायचा, विंडोज टाकायची, आणि मध्येच वीज गेली तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची. अँटिव्हायरस एखादी फाइल कशी ओळखतो, हा प्रश्न तिथे कुणाला पडत नव्हता. मलाही पडला नव्हता.

सेमिनारच्या पहिल्या मसुद्यात मी ठोकून दिले होते, ‘यापुढे अँटिव्हायरस चिपमध्येच बसवलेला येईल.’ मार्गदर्शक मॅडमनी एकच प्रश्न विचारला: “व्हायरसची यादी रोज बदलते, आणि चिप एकदा कारखान्यातून बाहेर पडली की बदलत नाही. मग ती यादी तू चिपमध्ये कोरणार कशी?” मी गप्प बसलो. पुढचे दोन महिने त्या एका प्रश्नात गेले, आणि खरा अभ्यास तिथेच झाला.

त्याचे उत्तर प्रोसेसरच्या अधिकारपातळ्यांत आहे. इंटेलच्या प्रोसेसरमध्ये ८०२८६ पासून, म्हणजे १९८२ पासून, शून्य ते तीन अशा चार पातळ्या आहेत. विंडोज आणि लिनक्स या चारपैकी दोनच वापरतात: आपले नेहमीचे प्रोग्रॅम सर्वांत कमी अधिकाराच्या तिसऱ्या पातळीवर चालतात आणि कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, सर्वाधिक अधिकाराच्या शून्यावर. ज्यांनी देवगिरी किल्ला पाहिला आहे त्यांना हे लवकर कळेल. बाहेरचा अंबरकोट, आतला महाकोट आणि अगदी आतला कालाकोट. कर्नल म्हणजे हा कालाकोट. अँटिव्हायरसचा ड्रायव्हर, म्हणजे कर्नलच्या पातळीवर चालणारा त्याचा भाग, हाही तिथेच पहारा देत असतो. अडचण अशी, की रूटकिट या जातीचा घातक प्रोग्रॅम त्याच कालाकोटात शिरतो आणि पहारेकऱ्याइतकाच अधिकार मिळवतो. पहारेकऱ्याने फाइलींची यादी मागितली, तर रूटकिट स्वतःचे नाव गाळून ती पुढे करतो. दोघे एकाच पातळीवर असताना खोटे पकडायचे कसे?

म्हणून पहारेकऱ्याला कोटाखालच्या कातळात उतरवायचे, ही त्या खरेदीमागची तांत्रिक कल्पना होती. प्रोसेसरमध्ये २००५ पासून आलेल्या आभासीकरणाच्या (व्हर्च्युअलायझेशन, म्हणजे एका संगणकात दुसरा आभासी संगणक चालवण्याच्या) सोयीमुळे ऑपरेटिंग सिस्टिमच्याही खाली एक पातळ थर चालवता येतो, आणि कर्नलच्या स्मृतीत कोण ढवळाढवळ करतो हे तिथून पाहता येते. सप्टेंबर २०११ मध्ये दोन्ही कंपन्यांनी ‘डीपसेफ’ या नावाने हेच तंत्र पुढे आणले. मॅडमच्या प्रश्नाचे उत्तरही यातच होते: बदलती यादी सॉफ्टवेअरमध्येच राहते, चिप फक्त पाहण्याची उंच जागा देते, खरे तर उंच नव्हे, खोल जागा.

व्यवहाराची दुसरी बाजू मी सेमिनारमध्ये जवळजवळ सोडूनच दिली होती, आणि ती माझी चूक होती. युरोपीय आयोगाने जानेवारी २०११ मध्ये मंजुरी देताना अटी घातल्या होत्या: प्रतिस्पर्धी सुरक्षा कंपन्यांनाही प्रोसेसरच्या सोयी वापरण्यासाठी लागणारी माहिती मिळावी, आणि त्यांची उत्पादने इंटेलच्या चिपवर चालण्यात मुद्दाम अडथळा आणू नये. फेब्रुवारीअखेर व्यवहार पूर्ण झाला, २०१४ मध्ये ‘इंटेल सिक्युरिटी’ असे नवे नाव जाहीर झाले, आणि २०१७ च्या एप्रिलमध्ये ५१ टक्के हिस्सा टीपीजी या गुंतवणूक संस्थेकडे जाऊन कंपनी पुन्हा मॅकॅफी म्हणून वेगळी झाली. कर्जासह तिचे मूल्य तेव्हा ४२० कोटी डॉलर धरले गेले होते. पुढे २०१८ मध्ये इंटेलने धोके ओळखण्यासाठीचे चिपमधील तंत्र जाहीर केले, तेव्हा ते मायक्रोसॉफ्टच्या अँटिव्हायरसलाही उपलब्ध होते. माझे मत असे, की कल्पना बरोबर होती, पण त्यासाठी कंपनी विकत घेण्याची गरज नव्हती. कोणाही पहारेकऱ्याला कातळात उतरू देणारा जिना बांधला असता तरी भागले असते.

पुण्यातल्या माझ्या पहिल्या मुलाखतीत कसल्याच प्रमाणपत्राविषयी विचारले गेले नाही. ‘रूटकिट अँटिव्हायरसपासून कसा लपतो?’ या एका प्रश्नावर अर्धा तास गेला. आपल्याकडे जिल्ह्याच्या ठिकाणी हॅकिंगच्या शिकवण्यांच्या पाट्या पुष्कळ दिसतात. त्यांची फी भरण्याआधी अभ्यासक्रमातले संगणक संरचना आणि ऑपरेटिंग सिस्टिम हे दोन विषय, जे आपण सगळे पास होण्यापुरते वाचतो, ते पुन्हा काढावेत. सोबत सी भाषा हवीच, निदान पॉइंटर, म्हणजे स्मृतीतल्या जागेचे पत्ते, न घाबरता वाचता येतील इतकी.

प्रयोगासाठी फार काही लागत नाही. आठ जीबी रॅमच्या जुन्या लॅपटॉपवर एक व्हर्च्युअल मशीन (लॅपटॉपच्या आत चालणारा आभासी संगणक) उभी करावी आणि तिच्यात आयकार या नावाची ६८ अक्षरांची निरुपद्रवी चाचणी-फाइल बनवून अँटिव्हायरस ती कोणत्या क्षणी अडवतो ते पाहावे: सेव्ह करताना, उघडताना की नक्कल करताना. खरा व्हायरस उतरवून घेण्याचा मोह मात्र टाळावा. मी तो टाळला नव्हता आणि दुकानातले तीन संगणक एका दुपारी आडवे केले होते. त्यानंतर नव्या विंडोजमध्ये डिव्हाइस सिक्युरिटीखालचे ‘कोअर आयसोलेशन’ उघडावे. तिथली ‘मेमरी इंटिग्रिटी’ ही कर्नलमध्ये घातक कोड शिरू नये यासाठीची कळ आभासीकरणाच्या त्याच सोयीवर चालते. कळ चालू असताना एखादा जुना ड्रायव्हर चालेनासा होतो. तो का चालत नाही, हे शोधण्यापासून सुरुवात करावी.