डोकी मोजल्याशिवाय डबल बेल नाही

३१ वर्षं मी एसटीत कंडक्टर होतो, त्यातली बहुतेक दापोली डेपोला. हर्णै, आंजर्ले, केळशी, दाभोळ, सगळे रस्ते खड्ड्यांसकट पाठ. निवृत्त झालो तेव्हा वाटलं, आता ओटीवर बसून निवांत सुपारी कातरायची. चार महिन्यांत कळलं की कातरलेली सुपारी खायला समोर कोणीतरी लागतं. मुलगा विरारला, मुलगी पनवेलला, आणि शेजारच्या तीन घरांची कुलपं वर्षातून दोनदा निघतात, गणपतीला आणि शिमग्याला.

आज आमचा २३ जणांचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. नाव ‘ओटी’. सगळ्यात धाकटा ६१ वर्षांचा, थोरली बाय ८४ची. आजूबाजूच्या गावांतले लोक विचारतात, तुमचा ग्रुप चालतो कसा, आमचा तर दोन महिन्यांत फुलांच्या फोटोंनी भरून मेला. म्हणून हे लिहितोय.

सुरुवात निसर्ग वादळाने झाली. ३ जून २०२०. वादळ धडकलं रायगडच्या किनाऱ्याला, पण दापोली-मंडणगडच्या बागाही आडव्या झाल्या. वीज गेली, टॉवर गेले. आमच्या खालच्या वाडीत एकट्या राहणाऱ्या आक्काच्या दारावर फणस पडला आणि ती दीड दिवस आत अडकून राहिली. जिवाला काही झालं नाही, माठात पाणी होतं, भाताचं पातेलं होतं. पण दीड दिवस! मला त्याची लाज वाटली. गाडी स्टँडवरून हलण्याआधी डोकी मोजायची, तिकिटांशी ताळा घालायचा आणि मगच डबल बेल मारायची, हे मी ३१ वर्षं केलं. आणि माझ्याच वाडीत डोकी मोजणारा कोणी नव्हता.

तेव्हा पहिली गोष्ट ही की ग्रुप काढायचा तो हजेरीसाठी. गप्पा मागाहून आपोआप येतात.

आमची पद्धत अशी. सकाळी साडेसात ते साडेआठ हजेरी. प्रत्येकाने काहीतरी स्वतःचं टाकायचं. एक शब्द चालेल, ‘उठलो’ एवढंही चालेल. दुसरीकडून आलेलं सुप्रभातचं चित्र मात्र हजेरीत धरत नाही, कारण ते माणूस झोपेतही पुढे ढकलू शकतं. आमच्या बायला लिहिता-वाचता येत नाही. ती रोज अंगणातल्या तुळशीचा फोटो टाकते. पाच वर्षांत त्या तुळशीची किती रोपं बदलली ते आम्हाला तिच्या सुनेपेक्षा जास्त ठाऊक आहे. दुसरे एक तात्या फक्त आवाज पाठवतात, तोही खोकला. खोकला आला की तात्या हजर.

साडेआठला मी वहीत बघतो कोण राहिलं. त्यांना फोन. उचलला नाही तर पंधरा मिनिटांनी दुसरा. तोही नाही उचलला तर त्यांच्या शेजाऱ्याला. म्हणून ग्रुपात घेतानाच प्रत्येकाकडून तीन गोष्टी लिहून घ्यायच्या: जवळच्या शेजाऱ्याचा नंबर, मुंबईतल्या मुलाचा किंवा मुलीचा नंबर, आणि घराची जादा चावी कुणाकडे असते ते. हे सगळं वहीत, शाईने. फोनमध्ये ठेवून उपयोग नाही, कारण ज्या दिवशी गरज पडते त्याच दिवशी आपला फोन बंद असतो. दहातल्या नऊ वेळा ‘चार्जिंगला होता’ हेच उत्तर मिळतं. एकदा एका वहिनींचा फोन तांदळाच्या डब्यात सापडला, कसा गेला ते त्यांनी अजून सांगितलेलं नाही. पण एकदा शेजारी गेला तेव्हा एक काका न्हाणीत घसरून पडलेले होते, खुब्याचं हाड मोडलेलं. साडेआठची फेरी नसती तर ते कळायला दुपार झाली असती.

माणसं किती घ्यावीत? पाच-सहांपासून सुरुवात करा, पंचवीसच्या पुढे जाऊ नका. व्हॉट्सॲप हजाराच्या वर माणसं घेऊ देतं, पण कंपनीने सीट दिल्या म्हणून सगळ्या भरायला ही काही आपली एसटी नव्हे. मुलं-सुना यांना आत घेऊ नका. ती आली की म्हातारी माणसं जपून बोलायला लागतात, गुडघा दुखतो हेही सांगत नाहीत. त्यांचा वेगळा छोटा ग्रुप ठेवा, निरोपापुरता.

आता फोनमधली कामं. ही एकदाच करायची, आणि शक्यतो प्रत्यक्ष घरी जाऊन, चहा घेत. अक्षर मोठं करून द्या. व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी, त्यात ग्रुप्स, तिथे ‘माय कॉन्टॅक्ट्स’ करा, म्हणजे कोणीही अनोळखी माणूस त्यांना भलत्या ग्रुपात ओढू शकत नाही. टू-स्टेप व्हेरिफिकेशन लावून सहा आकडी पिन ठेवा आणि तो कुठे लिहिलाय ते त्यांनाच ठरवू द्या. फोटो-व्हिडिओ आपोआप उतरणं बंद करा, नाहीतर महिन्यात फोन भरतो आणि दोष ग्रुपाला येतो. ग्रुपाच्या सेटिंगमध्ये नवीन माणूस घेण्याचा अधिकार दोघांपुरताच ठेवा. मी आणि हर्णैजवळच्या पाजपंढरी या कोळीवाड्यातल्या एक मावशी असे आम्ही दोघं ॲडमिन आहोत. एक पुरुष, एक बाई, हे मुद्दाम. बायका काही गोष्टी मला सांगणार नाहीत, आणि सांगू नयेतही.

टायपिंग शिकवत बसू नका. माइकचं चिन्ह दाबून बोलणं दहा मिनिटांत येतं. ज्यांना ऐकू कमी येतं त्यांच्या फोनवर लाइव्ह ट्रान्सक्राइब टाकून द्या, समोरचा बोललेलं अक्षरात दिसतं. मराठीतही चालतं. आमच्याकडची बोली त्याला झेपत नाही आणि जे काही उमटतं त्यावर चांगलं हसायला होतं, तोही फायदाच.

गप्पांसाठी आठवड्यातून एक व्हिडिओ कॉल पुरे. आमचा बुधवारी दुपारी चारला, चहाच्या वेळी. व्हॉट्सॲपवर ३२ जण एका कॉलवर येऊ शकतात, पण आठाच्या वर गेलं की मासळीबाजार होतो, म्हणून आम्ही तीन गट केले आहेत. झूम फुकटात वापरलं तर ४० मिनिटांनी बंद पडतं. काहींना ते आवडतं, कारण उठायचं कसं हा प्रश्न सुटतो.

कॉलवर ‘कसे आहात’ विचारू नका. उत्तर ठरलेलं असतं, ‘बरं चाललंय’. मग सगळे एकमेकांची कपाळं बघत बसतात (कॅमेरा कितीही सांगा, कपाळावरच लागतो). विचारायचं असेल तर ‘आज कालवण कशाचं?’ असं विचारा. १ जून ते ३१ जुलै आपल्याकडे मासेमारी बंद असते. त्या दोन महिन्यांत सुकट, बोंबील, सोडे कोणी कसे राखून ठेवलेत यावर आमचे सलग तीन बुधवार गेले. मावशींनी हर्णै बंदरावरच्या लिलावात बोली कशी चालते ते आम्हा बामण-कुणबी मंडळींना समजावून सांगितलं. आयुष्यभर तिथून मासे नेणाऱ्यांना ते ठाऊक नव्हतं. जात्यावरच्या ओव्या, शिमग्याच्या पालखीचे जुने मानपान, कुठल्या साली कुठला साकव वाहून गेला, असले विषय संपत नाहीत. पण कोणी गायलं तर ते ग्रुपाबाहेर पाठवायचं नाही. बायची एक ओवी कुणीतरी पुण्याच्या पुतण्याला पाठवली, त्याने ती कुठेतरी चढवली, आणि बाय महिनाभर गायली नाही.

भांडणं होणार. राजकारण बंद, हे सगळेच सांगतात. कोकणात त्याच्याही आधी बांध बंद करा. आमच्यात दोन चुलतभाऊ आहेत, एका बांधावरून वर्षानुवर्षं कोर्टात. समोरासमोर बोलत नाहीत. पण एकाचा खोकला आला नाही तर दुसरा सव्वाआठलाच मला खाजगीत विचारतो, ‘आला का तो?’ मी दोघांनाही हे सांगितलेलं नाही. आता वाचलं तर वाचलं.

पैशाबद्दल मात्र मी कडक आहे. ग्रुपात उसने मागायचे नाहीत, गुंतवणुकीची लिंक टाकायची नाही, टाकली तर त्याच दिवशी खाली उतरवतो. एकटं माणूस गोड बोलण्याला लवकर भुलतं. फेसबुकवर मैत्री करून महिनाभर ‘जेवलात का’ विचारणारा अनोळखी माणूस शेवटी पैशावरच येतो. आमच्या एकाला पोलिसाच्या वेशातल्या माणसाचा व्हिडिओ कॉल आला, तुमच्या नावाचं पार्सल पकडलंय, तुम्हाला डिजिटल अटक झालीय, कोणाशी बोलू नका. ते दोन दिवस दार लावून बसले आणि २० हजार भरले. डिजिटल अटक असला प्रकार आपल्या कायद्यात नाही. पैसे गेले तर ताबडतोब सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३०ला, फोन करायचा. लवकर कळवलं तर पैसे पुढच्या खात्यात अडवता येण्याची शक्यता असते. त्यांनी चार दिवस लाजेने सांगितलंच नाही. हजेरी मात्र रोज लावत होते, ‘उठलो’, ‘उठलो’. तेव्हापासून मी शब्दांबरोबर आवाजही ऐकतो, आठवड्यातून एकदा प्रत्येकाशी बोलतो. सरकारची ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन १४५६७ आहे, सकाळी आठ ते रात्री आठ. मुलगा विचारत नाही, पेन्शन अडली, नुसतं बोलायचंय, कशासाठीही लावता येते. हे दोन्ही नंबर कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवायला सांगा.

पावसाळ्यात रेंज जाते. आमच्या वरच्या वाडीत रेंज फक्त विहिरीपाशी येते आणि पावसात त्या चढावर म्हाताऱ्यांनी जावं असं मला वाटत नाही. वादळाचा इशारा आला की ग्रुप बाजूला ठेवायचा आणि शेजारी-शेजारी जोड्या लावायच्या. कोण कुणाच्या घरी झोपणार हे आदल्या संध्याकाळी ठरवायचं. तौक्तेच्या वेळी, मे २०२१ मध्ये, आक्का माझ्या माजघरात होती. रात्रभर बोलत होती. फोन परवडला.

कोणी गेलं तर नंबर लगेच काढू नका. आमच्यातल्या एक काकी गेल्या आणि तेराव्याआधीच त्यांच्या मुलाने त्यांच्याच फोनवरून ग्रुपात ‘आभारी आहोत’ लिहिलं. सकाळी साडेसातला काकींचं नाव वर आलं. दोघींना रडू फुटलं, एकाने भीतीने फोनच बंद केला. आता आम्ही घरच्यांना आधीच सांगून ठेवतो: निरोप ॲडमिनला द्या, मूळ फोनवरून काही लिहू नका. नंबर वर्षश्राद्धापर्यंत राहतो.

आणि वर्षातून दोनदा तरी भेटा, नाहीतर पडद्यावरची ओळख पातळ होते. खर्चाचं निमित्त काढायला जागा नाही. एसटीत ७५च्या पुढच्यांना प्रवास फुकट, ६५ ते ७५ला अर्धं तिकीट, बायकांना कुठल्याही वयात अर्धं. आधारकार्ड खिशात ठेवा, कंडक्टर मागतो, त्याच्यावर वैतागू नका.

गेल्या माघात आम्ही आंजर्ल्याला कड्यावरच्या गणपतीला गेलो होतो. परतताना मी सवयीने डोकी मोजली. जाताना सोळा होती, आता सतरा भरली. पुन्हा मोजली, सतराच. मागच्या सीटवर बायच्या शेजारी एक अनोळखी आजी बसलेल्या. देवळाच्या पायरीवर ओळख झाली म्हणे, हर्णैला उतरणार होत्या. ‘हिला पण घे रे ओटीवर’, बाय म्हणाली. मी वही काढली, नंबर विचारला. आजींकडे फोन नव्हता. त्यांच्या मागच्याच घरात मावशींची बहीण राहते असं निघालं. आता रोज आठच्या सुमाराला त्या बहिणीच्या फोनवरून दोन आवाज येतात, आणि माझ्या वहीत त्या ओळीत दोन टिकल्या पडतात.