सेरोटोनिनचा ब्रेक बघायचाय? केळीचं कुजकं खोड घ्या

आमच्या रावेर-यावल पट्ट्यात निमॅटोड, म्हणजे दोऱ्यासारखा बारीक किडा, म्हटलं की केळीवाल्याच्या कपाळाला आठी पडते, कारण मुळं खाणारा निमॅटोड त्याला चांगला माहितीये. पण घड कापल्यावर बांधावर टाकलेलं खोड कुजतं ना, त्यात बॅक्टेरिया खाणारे निमॅटोडही भरपूर असतात आणि त्यांचा बागेला काही त्रास नाही. त्यांचाच भाऊबंद सी. एलिगन्स, जेमतेम १ मिलिमीटरचा, अंगात फक्त ३०२ न्यूरॉन म्हणजे मज्जापेशी, आणि मेंदूतली केमिकल वागणं कसं बदलतात हे शास्त्रज्ञांनी त्याच्यावर खूप बारकाईने तपासलंय. त्यातलंच एक सेरोटोनिन, त्याला सगळे हॅपी हार्मोन म्हणतात, मला ते नाव बिलकुल पटत नाही, का ते पुढे कळेलच.

उपाशी किडा जेवणापाशी कसा थांबतो हे आपण घरीच बघायचं, पण हे काम पावसाळ्यात नाहीतर थंडीत करा, मे महिन्यातल्या आपल्या उन्हात किडे मरतात. पांढऱ्या फडक्यात मूठभर कुजलेलं खोड बांधायचं, फनेलच्या नळीला रबरी ट्यूब लावून खाली चिमटा मारायचा, फनेलमध्ये पाणी भरून पुरचुंडी त्यात बुडेल अशी ठेवायची आणि रात्रभर हात लावायचा नाही. किडे फडक्यातून निसटून तळाशी जमतात, सकाळी चिमटा सैल करून पहिले दोन-चार थेंब घ्या, बस.

किराणा दुकानातली चायना ग्रास आणा, १०० मिली पाण्याला २ ग्रॅम, चिमूटभर मीठ, उकळा आणि पारदर्शक प्लास्टिकच्या दोन झाकणांत पातळ थर ओता. एका झाकणात मधोमध कुजक्या खोडाच्या पाण्याचा एक थेंब टाकून झाकून ठेवा, दुसऱ्या दिवशी तिथे बॅक्टेरियाचा धुरकट डाग दिसेल, तेच त्यांचं जेवण. दुसरं झाकण तसंच कोरं राहू द्या.

किडा उचलायला भुवईचा एक केस टूथपिकला चिकटवा, चिमट्याने धरलात तर मेलाच समजा. शाळेच्या मायक्रोस्कोपची सगळ्यात कमी पॉवर पुरते, पण गळा बघायला पॉवर वाढवा. तोंडात सुईसारखं काही दिसलं तर तो मुळं खाणारा, सोडून द्या, आपल्याला गळ्यात गोल गाठ असलेला आणि ती गाठ सारखी धडधडणारा हवाय.

आता खरी गंमत. असे किडे आधी डागावर सोडून खाऊ द्या. मग काही किडे जेवणातून उचलून थेट परत डागाजवळ सोडा, काहींना आधी कोऱ्या झाकणात अर्धा तास उपाशी ठेवा आणि मग सोडा, आणि डागात शिरल्यावर २० सेकंदात अंगाला किती वळणं पडतात ते मोजा. भरल्या पोटाचा थोडा हळू होतो, हे डोपामिन नावाच्या दुसऱ्या केमिकलचं काम, बॅक्टेरियाचा स्पर्श त्याला कळतो. उपाशी मात्र कचकन ब्रेक मारतो. माझा भाचा मोजत होता, एकदम ओरडला, "मामा, हाऊ ते थांबी गया!" हा जोरातला ब्रेक सेरोटोनिनचा. लॅबमध्ये जीनमधल्या बिघाडामुळे सेरोटोनिन बनवूच न शकणारे सी. एलिगन्स उपाशी असले तरी एवढे थांबत नाहीत, त्यावरून हे पक्कं कळलं. गळ्यात एनएसएम नावाच्या न्यूरॉनची एक जोडी आहे, जेवण पोटात गेलं की ती सेरोटोनिन सोडते, ते पुढच्या पेशींवरचा एक दरवाजा उघडतं, त्यातून क्लोराइड आत जातं आणि त्या पेशी गप्प होतात. त्याच सेरोटोनिनने गळा जोरात चालतो, अंडीही पडतात. म्हणजे निरोप काय, तर अन्न सापडलंय, थांब, खा, पोरं काढ. यात आनंद कुठे आला? आणि वाळवंटी टोळात तर याचं कामच निराळं, २००९ मध्ये दिसलं की एकट्या टोळाच्या मागच्या पायांना दोनेक तास सारखा स्पर्श होत राहिला की त्याच्यात सेरोटोनिन वाढतं आणि एरवी दुसऱ्या टोळापासून लांब राहणारा तो त्यांच्याजवळ जायला लागतो.

एक-दोन किड्यांवर भरवसा ठेवू नका, दोन्ही प्रकारचे किमान दहा-दहा मोजा, आणि मोजणाऱ्याला उपाशी कोणता ते सांगू नका, नाहीतर हवं तेच दिसतं. तुमच्या खोडातला किडा सी. एलिगन्सच असेल असं नाही, त्यामुळे आकडा वेगळा आला तर आहे तसाच वहीत लिहा. झाल्यावर झाकणांवर उकळतं पाणी ओतून मगच फेका आणि हात साबणाने स्वच्छ धुवा.