कर शून्य, तरी रिटर्नची नोटीस: सासूबाईंचं प्रकरण मी कसं निस्तरलं

डिसेंबर २०२४ मध्ये सासूबाईंच्या फोनवर आयकर खात्याचा मेसेज आला. आर्थिक वर्ष २०२३-२४ मध्ये तुमच्या नावावर व्यवहार दिसतात, रिटर्न मात्र दिसत नाही, असा त्याचा मथितार्थ. त्या फोन माझ्यापुढे धरून म्हणाल्या, "अगं, मी दरवर्षी बँकेत पंधरा-एच भरते. कुणाचा पैसा बुडवला नाही कधी. मग मला कसली नोटीस?"

पंधरा-एच म्हणजे 'माझ्यावर कर बसत नाही' असं ज्येष्ठांनी बँकेला लिहून द्यायचा तेव्हाचा फॉर्म. तो भरला की बँक व्याजावर टीडीएस (पैसे हातात पडण्याआधीच कापला जाणारा कर) कापत नसे, एवढंच. व्याजाची माहिती बँक आयकर खात्याला कळवतेच. आणि रिटर्न भरायचं की नाही हे टीडीएस कापला की नाही यावर ठरत नाही. शेवटी किती कर लागतो यावरही ठरत नाही. वजावटी धरण्याआधीचं एकूण उत्पन्न मूळ करमुक्त मर्यादेच्या वर गेलं की रिटर्न भरावंच लागतं, मग सवलतीनंतर कर शून्य का येईना. आमचं घोडं नेमकं इथेच अडलं होतं, आणि ओळखीच्या दोन-तीन घरांतही हेच झालेलं मी पाहिलं आहे.

आधी मेसेज खरा आहे का ते बघायचं. त्यातली लिंक उघडायची नाही. ब्राउझरमध्ये इन्कमटॅक्स डॉट गव्ह डॉट इन स्वतः टाइप करून आत जायचं. पीडीएफ नोटीस आली असेल तर तिच्यावर डीआयएन नावाचा क्रमांक असतो (ऑक्टोबर २०१९ पासून खात्याच्या पत्रांवर तो लागतो) आणि पोर्टलच्या मुखपृष्ठावरच, लॉगिन न करता, तो तपासता येतो. क्रमांक जुळला नाही तर गोष्ट तिथेच संपली.

सासूबाईंचं पोर्टलवरचं खातं मामंजींनी उघडून दिलेलं. पासवर्ड त्यांच्याबरोबरच गेला. आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी मागवून नवा केला, पाच मिनिटांचं काम.

आत गेल्यावर 'पेंडिंग ॲक्शन्स'मध्ये दोन दारं असतात आणि आपली नोटीस कुठल्या दारात पडली आहे त्यावर तिचं वजन ठरतं. 'कम्प्लायन्स पोर्टल'मध्ये असेल तर ती आठवण आहे. 'ई-प्रोसीडिंग्ज'मध्ये असेल तर ती कलमाखालची नोटीस. आमची पहिल्या दारात होती. तिथे पर्याय येतात: रिटर्न भरलं आहे, किंवा भरलेलं नाही. नाही म्हटलं की कारण विचारतात: तयारी चालू आहे, धंदा बंद झाला, करपात्र उत्पन्न नाही, इतर. माझं बोट 'करपात्र उत्पन्न नाही'वर जाणारच होतं. कर तर लागणार नाही, मग झालं! पण उत्तर देण्याआधी एआयएस उघडायचं, हा नियम मी स्वतःला घालून घेतला होता, म्हणून वाचले.

एआयएस म्हणजे वर्षभरात आपल्या पॅनवर कोणी काय कळवलं त्याचा गोषवारा. पीडीएफ उतरवली तर पासवर्ड असतो पॅन लहान अक्षरांत आणि पुढे जन्मतारीख, मध्ये काही न सोडता. सासूबाईंच्या एआयएसमध्ये मुदतठेवीचं व्याज १,८६,००० रुपये दिसलं. आणि खाली पुन्हा १,८६,०००! दोन मिनिटं माझ्या पोटात गोळा आला. मग लक्षात आलं की एक नोंद टीडीएसच्या विवरणातून आलेली, दुसरी बँकेच्या वार्षिक अहवालातून. व्याज तेच. अशा वेळी आंधळी बेरीज करायची नाही. बँकेचं व्याज प्रमाणपत्र मागवायचं, आकडा ताडायचा आणि जादा नोंदीवर 'ही माहिती दुसऱ्या नोंदीत आली आहे' असा अभिप्राय नोंदवायचा. उत्पन्न आपलं नसेल, दुसऱ्या वर्षाचं असेल किंवा अंशतःच बरोबर असेल, तर त्यासाठीही वेगळे पर्याय तिथेच आहेत.

उलटही खरं: एआयएसमध्ये नाही म्हणून उत्पन्न नाही असं होत नाही. सासूबाईंचं कुटुंब निवृत्तिवेतन, वर्षाला २,४०,०००, त्यात कुठेच नव्हतं. पासबुक पुढ्यात घेऊन महिन्यामहिन्याने बेरीज केली.

आता हिशोब. कुटुंब निवृत्तिवेतनातून नियमाप्रमाणे १५,००० वजा, राहिले २,२५,०००. व्याजासह ४,११,०००. जुलैची मुदत उलटून भरताना जुनी करप्रणाली निवडता येत नव्हती, त्यामुळे ज्येष्ठांना व्याजावर मिळणारी ५०,००० ची वजावट हातची गेली. नव्या प्रणालीत त्या वर्षीची मर्यादा ३ लाख. त्यावरच्या १,११,००० वर ५ टक्क्यांनी ५,५५० कर, आणि उत्पन्न ७ लाखांच्या आत म्हणून सवलतीने तो पुसला गेला. कर शून्य, पण मर्यादा ओलांडलेली. म्हणजे रिटर्न हवंच.

उशिराचं रिटर्न करनिर्धारण वर्षातल्या (म्हणजे आर्थिक वर्षाच्या लगेच पुढच्या वर्षातल्या) ३१ डिसेंबरपर्यंत भरता येतं. विलंब शुल्क ५,००० रुपये, उत्पन्न ५ लाखांच्या आत असेल तर १,०००. ते 'ई-पे टॅक्स'मधून आधी भरायचं. इथे वर्ष नीट बघा. आर्थिक वर्ष २०२३-२४ म्हणजे करनिर्धारण वर्ष २०२४-२५. मी घाईत त्याच्या पुढचं वर्ष निवडलं होतं. पैसे जाण्याआधी दिसलं म्हणून बरं, नाहीतर चलन दुरुस्तीचा वेगळाच व्याप. मग आयटीआर-१ (साध्या उत्पन्नासाठीचा रिटर्नचा फॉर्म) भरलं आणि आधार ओटीपीने पडताळलं. पडताळणी ३० दिवसांत झाली नाही तर सगळी मेहनत पाण्यात. शेवटी पुन्हा कम्प्लायन्स पोर्टलवर जाऊन 'भरलं आहे' निवडलं आणि पोचपावतीचा क्रमांक टाकला. ही शेवटची पायरी बरेच जण विसरतात.

३१ डिसेंबर उलटून गेला असेल आणि कर भरायचा निघत असेल तर अद्ययावत रिटर्न आहे. करनिर्धारण वर्ष संपल्यापासून ४ वर्षांपर्यंत, पण दरवर्षी महाग होत जाणारं: कर आणि त्यावरच्या व्याजावर २५, मग ५०, ६०, शेवटी ७० टक्के जादा. परतावा मागायला ते चालत नाही.

दुसऱ्या दारातली नोटीस, १९६१ च्या कायद्याच्या कलम १४२(१) ची, ही मात्र तारीख पाळायची गोष्ट. दुर्लक्ष केलं तर प्रत्येक चुकीला १०,००० रुपये दंड होऊ शकतो आणि अधिकारी हाती असलेल्या माहितीवरून स्वतःच उत्पन्न ठरवू शकतो. रिटर्न भरताना 'नोटिशीला प्रतिसाद' हा प्रकार निवडून तिचा क्रमांक आणि तारीख घालायची. कागद जमले नसतील तर गप्प बसू नका, तिथेच मुदतवाढ मागता येते. सोबतचं उत्तर मी असं लिहीन: "दि. अमुकच्या नोटिशीनुसार रिटर्न दाखल केले आहे, पोचपावती क्र. तमुक. व्याजाच्या दोन नोंदी एकाच ठेवीच्या आहेत, बँकेचे प्रमाणपत्र जोडले आहे." बस. मामंजींचं आजारपण, आमची धावपळ, यातलं काही लिहायचं नाही. आकडा विचारला आहे, आकडाच सांगायचा. नोटिशीवर कलम १४८ किंवा १४८अ (करातून सुटलेल्या उत्पन्नासाठी जुनं वर्ष पुन्हा उघडण्याची कलमं) दिसलं तर मी स्वतः हात घालणार नाही, सीएकडे जाईन.

महिनाभराने सासूबाई परत फोन घेऊन आल्या, चेहरा उतरलेला. "आणखी एक आली बघ." ते कलम १४३(१) चं सूचनापत्र होतं, रिटर्न तपासून झाल्याचं. पासवर्ड तोच, पॅन आणि जन्मतारीख. शेवटच्या ओळीत देय रक्कम शून्य. त्यांनी ती ओळ दोनदा वाचायला लावली, मग प्रिंट काढून पंधरा-एचच्या फायलीत लावली आणि मला म्हणाल्या, "जुलैत आठवण कर गं, हजार रुपये फुकट गेले."