प्रॉम्प्टच्या आधी कोण घुसलं?

महापेच्या ऑफिसातून रोज रात्री सर्व्हरांची डिस्क तपासणारी आमची एक एक्सपेक्ट स्क्रिप्ट आहे. एक्सपेक्ट म्हणजे समोरून ठरावीक मजकूर आला की ठरलेलं उत्तर आपोआप टाइप करणारं साधन. एका सर्व्हरवर लिनक्स अपग्रेड झालं आणि ती तिथेच टाइमआउट होऊन अडकायला लागली. हाताने लॉगिन केलं तर सगळं ठणठणीत!

आउटपुट फाइलमध्ये घेतलं आणि फाइल दाखवणाऱ्या 'कॅट' कमांडला अदृश्य अक्षरंही दाखवणारा 'व्ही' पर्याय देऊन पाहिलं, तेव्हा चोर सापडला. प्रॉम्प्टला, म्हणजे 'कमांड द्या' सांगणाऱ्या खुणेला, चिकटून एस्केप, चौकोनी कंस, प्रश्नचिन्ह, २००४ आणि एच. हा ब्रॅकेटेड पेस्टचा कोड. टाइप केलेलं आणि पेस्ट केलेलं शेलला (कमांड घेऊन चालवणाऱ्या प्रोग्रामला) वेगळं ओळखू यावं म्हणून असतो. बॅश या शेलमध्ये ५.१ आवृत्तीपासून तो आपोआप चालू असतो. टर्मिनल तो गिळून टाकतं, म्हणून डोळ्यांना दिसत नाही. आमचा पॅटर्न मात्र अगदी सुरुवातीलाच प्रॉम्प्ट शोधत होता.

रेजेक्सने (मजकुरातले नमुने शोधणाऱ्या सूत्राने) असे कोड गाळत बसणं मला पटत नाही. उद्या रंगांचे कोड येतील. एसएसएचच्या (दूरच्या सर्व्हरवर लॉगिन करणाऱ्या कमांडच्या) आधी टर्मिनलचा प्रकार सांगणाऱ्या टर्म व्हेरिएबलला 'डंब' ही किंमत दिली, की रीडलाइन (बॅशमध्ये टाइप केलेली ओळ वाचणारा भाग) ब्रॅकेटेड पेस्ट मुकाट्याने बंद करतं. आणि एकच कमांड चालवायची तर एक्सपेक्ट हवंच कशाला? कमांड थेट एसएसएचच्या ओळीत दिली की पीटीवाय (आभासी टर्मिनल) मिळत नाही, मग प्रॉम्प्टही नाही आणि ओळीअखेरचे कॅरेज रिटर्नही (कर्सर ओळीच्या सुरुवातीला नेणारी अदृश्य अक्षरं) नाहीत. डिस्कची तपासणी आता तशीच चालते. एक्सपेक्ट उरलंय ते फक्त एका जुन्या नेटवर्क स्विचसाठी.