सिंकखालचं काम: पाना कुठं लावायचा, कुठं नाही

सिंकखाली पाणी साचलं की माणूस पहिल्यांदा पाना शोधतो. लातुरात गंजगोलाईजवळच्या हार्डवेअर दुकानात काउंटर सांभाळताना मी मात्र गिऱ्हाइकाला आधी विचारतो, गळतंय नेमकं कुठून? बहुतेकांचं उत्तर ठरलेलं, "खालून." खालून तर सगळंच गळतं. पाणी वरच्या नटातून सुटतं, पाइपाच्या अंगावरून ओघळतं आणि सगळ्यात खालच्या जोडावरून टपकतं. मग बिनकामाचा तो खालचा जोडच आवळला जातो.

म्हणून पहिलं हत्यार सुती फडकं आणि दुसरं टॉर्च. ओट्याखालचे डबे बाहेर काढा, सगळे जोड पुसून कोरडे करा, खाली वर्तमानपत्र अंथरा. सिंकचं भोक बंद करून सिंक निम्मं भरा आणि पाणी एकदम सोडा. नळाच्या बारीक धारेनं सांडपाण्याची गळती बऱ्याचदा दिसत नाही, पाइप भरून वाहिला की दिसते. प्रत्येक जोडाला वरून खाली कोरडा कागद लावत या. सिंक न वापरताही ओलं होत असेल तर गळती येणाऱ्या पाण्याची, सिंक रिकामं करतानाच होत असेल तर जाणाऱ्या पाण्याची. येणाऱ्या पाण्याला पितळ आणि पाना, जाणाऱ्या पाण्याला प्लास्टिक आणि हात. एवढं डोक्यात बसलं तरी निम्मं नुकसान टळतं.

काम सुरू करायच्या आधी पाणी बंद करायचं, हे सगळ्यांना माहीत असतं. पण आपल्याकडं पुष्कळ घरांत सिंकवर दोन तोट्या असतात, एक नगरपालिकेच्या पाण्याची आणि एक बोअरची. गच्चीवरच्या टाकीचा वॉल्व्ह बंद केला म्हणजे झालं असं समजू नका. नळाची लाइन थेट रस्त्यावरून आलेली असेल तर तिची चावी वेगळी असते. लाइनीला पाणी नसताना जोड खोलून ठेवला आणि तेवढ्यात पाणी सुटलं, तर स्वयंपाकघराचा हौद होतो. त्यामुळं पाणी यायचा दिवस सोडून, दुकानं उघडी असताना सकाळी काम काढावं. रात्री नऊला खोललेल्या नळाचा वायसर कुणी देत नाही.

सिंकखालच्या अँगल कॉकची, म्हणजे भिंतीजवळ पाणी बंद करायच्या छोट्या चावीची, तऱ्हा निराळी. बोअरच्या जड पाण्यानं त्यात पांढरा क्षार धरतो, आणि वर्षानुवर्षं न फिरवलेला कॉक जागेवरच जाम होतो. तो पक्कडीनं पिळू नका, मूठ तुटून हातात येते. गच्चीवरून पाणी बंद करून कॉकच बदलायचा. नवा बसवला की महिन्यातून एकदा बंद-चालू करत जा.

आता पाना. घरासाठी दहा इंची स्क्रू पाना, म्हणजे तोंड लहान-मोठं करता येणारा, पुरतो. पाइप पाना, म्हणजे दातांचा, हा जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी पाइपासाठी असतो. तो चकचकीत नळाला लावला की दातांचे व्रण कायमचे उठतात. स्क्रू पानासुद्धा नळाला लावताना मधे फडकं धरावं. तोंड नटाला घट्ट भिडवा, ढिला पाना नटाचे कोपरे गोल करतो आणि मग तो नट कुणालाच दाद देत नाही. जोडीला वॉटर पंप पक्कड घेतलीत तर उत्तम, कारण खरं काम दोन हत्यारांनी होतं. एकानं मागचा भाग धरून ठेवायचा, दुसऱ्यानं पुढचा फिरवायचा. कॉकपासून नळापर्यंत जाणाऱ्या कनेक्शन पाइपाचा नट सोडवताना कॉक धरला नाही तर कॉकही फिरतो, आणि त्याच्यासोबत भिंतीतला सीपीव्हीसीचा एल्बो, म्हणजे प्लास्टिक पाइपाचं वळण. तो आत चिरला की दोनशे रुपयांच्या कामाला गवंडी लागतो. भिंतीत जुना, गंजलेला जीआय पाइप असेल तर नवशिक्यानं त्याच्या वाटेला जाऊच नये.

बेसिन पाना नावाचं लांब दांड्याचं हत्यार मोबाइलवरच्या प्रत्येक यादीत असतं, म्हणून मुलं ते हटकून मागतात. सिंकच्या भोकातून वर आलेल्या नळाचा खालचा नट फिरवायला ते लागतं. आपल्याकडच्या बऱ्याच स्वयंपाकघरांत नळ भिंतीतून येतो. तुमचाही तसाच असेल तर ते पैसे वाचवा.

मध्यंतरी एक काकू आल्या. "भैय्या, सगळ्यात मोठा पाना दाखवा, नट लई घट्ट आवळायचाय."

"कशाचा नट हाय, काकू? फोटो हाय का?"

फोटो निघाला बॉटल ट्रॅपचा, म्हणजे सिंकखालच्या सांडपाण्याच्या बाटलीसारख्या भांड्याचा. प्लास्टिकचा नट. त्यांना वायसर दिला, पाना दिला नाही. मालक माझ्याकडं बघत राहिले, तो भाग सोडा.

सिंकखालचे प्लास्टिकचे नट हातानंच आवळायचे असतात. हातानं घट्ट झाल्यावर फार तर पाव वेढा आणखी. त्यांच्यात पाणी अडवतो तो आतला रबरी वायसर, आटे नव्हेत. वायसर कडक झाला असेल, उलटा बसला असेल किंवा पाइप तिरका गेला असेल, तर कितीही आवळा, गळणारच, आणि वर नट फुटणार. सोडवून, पुसून, वायसर सरळ बसवून परत लावा. मापात गोंधळ होतो, कारण वेस्ट पाइप सव्वा इंची असतो आणि दीड इंचीही. तोंडी माप सांगू नका, जुना नट पिशवीत घालून दुकानात आणा. नळाच्या स्पिंडलचंही, म्हणजे मुठीखाली फिरणाऱ्या आतल्या भागाचंही, तेच. जुन्या नळात नुसता वायसर बदलून भागतं, अर्ध्या फेऱ्याच्या नव्या नळात अख्खा स्पिंडल बदलावा लागतो आणि प्रत्येक कंपनीचे दाते निराळे.

टेफ्लॉन टेप स्वस्त, म्हणून सगळीकडं गुंडाळली जाते. ती आट्यांसाठी आहे, वायसरच्या जोडाला तिचा उपयोग नाही. नळाच्या आट्यांचं तोंड आपल्याकडं धरायचं आणि घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं, ताण देत, दहाएक वेढे घ्यायचे. उलट्या दिशेनं गुंडाळली तर नळ फिरवताना ती गोळा होऊन बाहेर येते. आटे पूर्ण बसल्यावर नळ सरळ करण्यासाठी मागं फिरवू नका. तिथून गळती सुरू होते, मग परत टेप. एमसील हे तात्पुरतं ठिगळ आहे. ओल्यावर ते नीट धरत नाही, आणि ज्या जोडाला लावाल तो पुढं खोलताना मिस्त्री तुमच्या नावानं बोटं मोडतो.

सिंक तुंबण्याचं कारण आपल्याकडं बहुधा ज्वारीचं पीठ आणि तेल. परात तशीच विसळली की पीठ ट्रॅपमध्ये बसतं आणि तेलानं घट्ट होतं. आधी खाली घमेलं ठेवून ट्रॅपची वाटी हातानं खोला, नव्वद टक्के ऐवज तिथंच सापडतो. ती साफ असेल तर रबरी पंप, त्यानंही नाही हटलं तर स्प्रिंगची तार. बाटलीतलं ॲसिड मात्र ओतू नका. स्टीलच्या सिंकला त्यानं खड्डे पडतात, आणि घरात ब्लिचिंग पावडर वापरत असाल तर दोन्ही एकत्र आल्यावर विषारी क्लोरीन वायू सुटतो.

नळाची धार बारीक झाली तर टोकाची जाळी काढून लिंबूसत्वाच्या पाण्यात रात्रभर ठेवा. क्षार निघून जातो.

थेंबाथेंबाकडं दुर्लक्ष करणारे बरेच भेटतात. २०१६ च्या एप्रिलमध्ये या शहरानं मिरजेहून रेल्वेनं आलेलं पाणी पाहिलंय. वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला तरी सेकंदाला एक थेंब म्हणजे दिवसाला चार लिटरच्या वर. आणि नळाचा थेंब त्याहून मोठाच असतो.

ज्यांना हेच काम पोटापाण्यासाठी शिकायचंय, त्यांच्यासाठी आयटीआयमध्ये प्लंबरचा एक वर्षाचा कोर्स आहे. त्याच्या आधी काही महिने हार्डवेअरच्या काउंटरवर बसा, असं मी सांगेन. कुठला भाग बदलायला लोक परत परत येतात, ते तिथं बसून कळतं.

राहिली भिंतीतल्या पाइपाची गळती. जोड सगळे कोरडे आणि तरी ओटा दमट, तर रात्री नळ बंद झाल्यावर टाकीत काठी घालून पाण्याची खूण करा, सकाळी वापरायच्या आधी परत बघा. पाणी उतरलं असेल तर आधी संडासाची फ्लश टाकी तपासा, मग भिंतीवर संशय घ्या. भिंतच निघाली तर हत्यारं पिशवीत ठेवून मिस्त्रीला बोलवा. फरशी कापायचं मशीन त्याच्याकडं असतं. तुमच्या ओट्याच्या रंगाची फरशी अजून मिळते का, तेवढं मात्र तो यायच्या आधी बाजारात विचारून ठेवा.