टीएनएफला निष्प्रभ करणाऱ्या प्रतिपिंडाची ताकद आपल्याच प्रयोगशाळेत कशी मोजावी

विदर्भात तालुक्याच्या ठिकाणी असलेल्या महाविद्यालयांतील एम.एस्सी.चे विद्यार्थी पळस, बेहडा किंवा गुळवेल यांच्या अर्कात दाह कमी करण्याचा गुण आहे का, हे तपासण्याचा प्रकल्प हौसेने घेतात. टीएनएफ-अल्फा हे दाहाचा संदेश पोचवणारे प्रथिन पेशींवर टाकायचे आणि अर्क घातल्यावर त्या वाचतात का ते पाहायचे, अशी त्याची साधारण मांडणी असते. पेशी खरोखर टीएनएफमुळेच मरत आहेत, हे सिद्ध करण्यासाठी तुलनेला टीएनएफचे निष्प्रभकारी प्रतिपिंड (अँटिबॉडी) लागते. ते टीएनएफला धरून ठेवते आणि पेशीवरील ग्राहीपर्यंत, म्हणजे संदेश स्वीकारणाऱ्या रेणूपर्यंत, पोचू देत नाही. हे प्रतिपिंड महाग असते आणि त्याच्या माहितीपत्रकात त्याची ताकद छापलेली असते. मात्र तो आकडा दुसऱ्यांच्या प्रयोगशाळेत, दुसऱ्यांच्या टीएनएफवर काढलेला असतो, आणि नागपूरहून आपल्या गावापर्यंत येताना मे महिन्याच्या दोन दुपारी त्या कुपीने कुठे काढल्या, याचा हिशेब त्यात नसतो. म्हणून अर्काला हात लावण्यापूर्वी प्रतिपिंडाची ताकद स्वतः मोजावी.

खरेदीच्या वेळी पहिला प्रश्न प्राण्याच्या जातीचा असतो. या चाचणीत एल-९२९ नावाच्या उंदराच्या पेशी वापरतात, परंतु मानवी टीएनएफ उंदराच्या पेशींवरील पहिल्या प्रकारच्या ग्राहीशी जुळत असल्यामुळे त्यांच्यावर मानवी टीएनएफ चालते. अर्थातच प्रतिपिंडही मानवी टीएनएफविरुद्धचे घ्यावे लागते. पेशी उंदराच्या म्हणून प्रतिपिंडही उंदराच्या टीएनएफविरुद्धचे मागवणे ही नेहमी होणारी चूक आहे. १९९८ साली अमेरिकेत औषध म्हणून मान्यता मिळालेले इन्फ्लिक्सिमॅब हे मानवी टीएनएफला घट्ट धरते, पण उंदराच्या टीएनएफला ओळखतही नाही, यावरून हा भेद किती काटेकोर असतो ते कळते. (टीएनएफला त्याचे नाव मिळाले आणि एकाच प्रकारची प्रतिपिंडे हवी तितकी तयार करण्याचे कोहलर व मिलस्टाइन यांचे तंत्र प्रसिद्ध झाले, या दोन्ही गोष्टी १९७५ सालच्याच आहेत.)

दुसरा प्रश्न परिरक्षकाचा. ब्लॉटिंगसाठी (पडद्यावर प्रथिने ओळखण्याच्या चाचणीसाठी) विकल्या जाणाऱ्या बऱ्याच प्रतिपिंडांत बुरशी व जिवाणू वाढू नयेत म्हणून सोडियम अ‍ॅझाइड घातलेले असते, आणि ते जिवंत पेशींनाही मारते. आमच्याकडे एकदा थोडे स्वस्त मिळाले म्हणून असे प्रतिपिंड घेतले गेले. जास्तीत जास्त प्रतिपिंड असलेल्या वेलमध्येच (प्लेटमधील छोट्या खळग्याला वेल म्हणतात) सर्वाधिक पेशी मेलेल्या दिसत होत्या आणि आम्ही दोन आठवडे टीएनएफच्या मात्रेला दोष देत बसलो. तेव्हा मागणीपत्रात ‘अ‍ॅझाइडविरहित, एन्डोटॉक्सिन कमी असलेले, निष्प्रभीकरणासाठी तपासलेले’ असे स्पष्ट लिहावे (एन्डोटॉक्सिन म्हणजे जिवाणूंच्या आवरणातील विष). त्याच वेळी त्याच प्राण्याचे व त्याच उपप्रकाराचे, पण टीएनएफशी संबंध नसलेले आयसोटाइप कंट्रोल प्रतिपिंडही मागवावे. खर्च वाचवण्यासाठी ते टाळण्याचा मोह होतो, परंतु त्याच्याशिवाय पुढच्या सगळ्या आकड्यांना अर्थ राहत नाही.

पार्सल सोमवारी निघेल असे पुरवठादाराला सांगावे, म्हणजे ते रविवारी गोदामात अडकत नाही. पोळा आणि तान्हा पोळा यांच्या आठवड्यात तर मागवूच नये. प्रतिपिंड भुकटीच्या रूपात आले असेल, तर प्रवासातील उष्णतेची फार काळजी नसते. द्रवरूपातील प्रतिपिंडही टीएनएफच्या मानाने काटक असते, पण उन्हात बंद उभ्या असलेल्या गाडीत ते दिवसभर राहिले, तर त्याचे रेणू एकमेकांना चिकटून गुठळ्या होऊ शकतात. कुपी उघडण्यापूर्वी सेंट्रिफ्यूजमध्ये थोडा वेळ फिरवावी. भुकटी असल्यास निर्जंतुक फॉस्फेट बफरमध्ये हलक्या हाताने विरघळवावी, जोरात हलवून फेस आणू नये. १०० मायक्रोग्रॅम भुकटीला २०० मायक्रोलिटर बफर वापरले, तर मिलिलिटरला ०.५ मिलिग्रॅमचे द्रावण मिळते. त्याचे २० मायक्रोलिटरचे छोटे भाग करून ते उणे २० अंश किंवा त्याहून थंड ठेवावेत आणि एकदा वितळलेला भाग पुन्हा गोठवू नये. बर्फ आपोआप वितळवणारा घरगुती फ्रीज यासाठी चालत नाही, कारण त्याचे तापमान दर काही तासांनी वर चढते. भारनियमनाच्या काळात फ्रीजरमधील रिकामी जागा पाण्याच्या गोठलेल्या बाटल्यांनी भरून ठेवावी आणि वीज येईपर्यंत दार उघडू नये. एल-९२९ पेशींचा साठा ठेवण्यासाठी द्रव नायट्रोजन लागतो. तो कुठून आणावा असा प्रश्न पडल्यास जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारावे, कारण कृत्रिम रेतनाच्या कांड्या त्यातच ठेवलेल्या असतात आणि तो कुठून भरून येतो हे तिथल्या लोकांना ठाऊक असते.

आपल्या भागात हा प्रयोग बिघडतो तो बहुधा खोलीच्या तापमानामुळे, आणि याबद्दल छापील पद्धतीत अवाक्षर नसते. साधा सीओटू इनक्युबेटर फक्त तापवू शकतो, थंड करू शकत नाही, म्हणून आत ३७ अंश राखायचे असतील, तर खोली त्याहून किमान पाच अंशांनी थंड असावी लागते. बाहेर ४५ अंश आणि खोलीत ३८ असताना इनक्युबेटरच्या आतले तापमान ३७ च्या वर सरकते, पेशींवर ताण येतो आणि टीएनएफ न घालताही त्या गळू लागतात. आत वेगळा थर्मामीटर ठेवून सकाळ-दुपार नोंद घ्यावी, दर्शनी पट्टीवरच्या आकड्यावर विसंबू नये. यावर उपाय म्हणून खोलीत वाळ्याच्या ताट्यांचा कूलर लावणे मात्र साफ चुकीचे आहे. त्याची ओली हवा बुरशीचे बीजाणू थेट पेशींच्या खोलीत आणून सोडते. खोलीला एसी नसेल, तर एप्रिल व मे हे महिने वाचनाला आणि लेखनाला द्यावेत आणि चाचणी हिवाळ्यात करावी.

चाचणीच्या आदल्या दिवशी ९६ वेलच्या प्लेटमधील आतल्या ६० वेलमध्ये प्रत्येकी सुमारे ३०,००० पेशी १०० मायक्रोलिटर माध्यमात (पेशींच्या पोषक द्रावणात) पेराव्यात आणि कडेच्या ३६ वेलमध्ये नुसते निर्जंतुक बफर भरावे, कारण कोरड्या हवेत कडेच्या वेलमधील पाणी उडून जाते आणि तिथले आकडे फसवे निघतात. दुसऱ्या दिवशी जुने माध्यम काढून मिलिलिटरला २ मायक्रोग्रॅम अ‍ॅक्टिनोमायसिन-डी असलेले १०० मायक्रोलिटर माध्यम घालावे. शेवटी आकारमान दुप्पट झाल्यावर ते १ मायक्रोग्रॅमवर येते. टीएनएफचा संदेश मिळाल्यावर पेशी एरवी स्वतःला वाचवणारी प्रथिने तयार करतात. अ‍ॅक्टिनोमायसिन त्यांचे उत्पादन थांबवते, म्हणून पेशी अत्यल्प टीएनएफलाही बळी पडतात. हा पदार्थ विषारी आहे. हातमोजे घालूनच तो हाताळावा, प्रकाशापासून जपावा आणि उरलेले द्रावण बेसिनमध्ये ओतू नये.

प्रतिपिंडाकडे वळण्यापूर्वी एका स्वतंत्र प्लेटवर टीएनएफची मात्रा ठरवावी लागते. मिलिलिटरला १० नॅनोग्रॅमपासून सुरुवात करून दहापट विरलने करत (म्हणजे द्रावण दर वेळी दहापट पातळ करत) ०.००१ नॅनोग्रॅमपर्यंत जावे, नंतर पेशी मरण्याचे प्रमाण जिथे झपाट्याने बदलते त्या उताराच्या भागात दुप्पट विरलने करून ८० ते ९० टक्के पेशी मारणारी मात्रा निवडावी. इतके विरल टीएनएफ प्लास्टिकला चिकटून नाहीसे होते, म्हणून विरलनाच्या द्रावणात सीरम किंवा अल्ब्युमिन असलेच पाहिजे. सगळ्या पेशी नक्की मराव्यात म्हणून भरपूर टीएनएफ घातले, तर उत्तम प्रतिपिंडही दुबळे दिसते, कारण मोजायची गोष्ट दोघांमधला तोल आहे.

मुख्य चाचणीत प्रतिपिंडाची शेवटची मात्रा मिलिलिटरला २ मायक्रोग्रॅमपासून निम्म्या-निम्म्याने दहा पायऱ्या खाली न्यावी. वेगळ्या प्लेटमध्ये अपेक्षित मात्रेच्या चौपट प्रतिपिंड ६० मायक्रोलिटर आणि चौपट टीएनएफ ६० मायक्रोलिटर एकत्र करून ३७ अंशांवर एक तास ठेवावे, आणि मगच त्यातील १०० मायक्रोलिटर पेशींवर घालावे; हा तास वगळला, तर टीएनएफ प्रतिपिंडाच्या आधी पेशींवर पोचते. तीन ओळी प्रतिपिंडाच्या व दोन आयसोटाइपच्या ठेवाव्यात. उरलेल्या ओळीत तीन वेल फक्त अ‍ॅक्टिनोमायसिनच्या, तीन अ‍ॅक्टिनोमायसिन व टीएनएफच्या, दोन काहीच न घातलेल्या आणि दोन सर्वाधिक प्रतिपिंड असूनही टीएनएफ नसलेल्या असाव्यात. अ‍ॅझाइडचा घोटाळा या शेवटच्या दोन वेल लगेच उघडा पाडतात. प्लेट दुपारी लावावी, म्हणजे २० तासांनी सकाळच्या उजेडात ती पाहता येते.

वाचनासाठी एमटीटीपेक्षा (जिवंत पेशींत रंग बदलणाऱ्या रसायनापेक्षा) चिकटून राहिलेल्या पेशींना रंगवणारे क्रिस्टल व्हायोलेट बरे, असे माझे मत आहे. वनस्पतींचे अनेक अर्क पेशींशिवायच एमटीटीचा रंग बदलतात आणि विद्यार्थ्याला आपला अर्क गुणकारी असल्याचा भास होतो. मेलेल्या पेशी तळापासून सुटतात. त्या हलक्या हाताने धुऊन टाकाव्यात, चिकटून राहिलेल्यांना २० टक्के मिथेनॉलमधील ०.५ टक्के क्रिस्टल व्हायोलेट १५ मिनिटे लावावे, प्लेट पाण्याने धुऊन वाळवावी, रंग ३३ टक्के अ‍ॅसेटिक आम्लात विरघळवून ५७० नॅनोमीटरवर मोजावा. प्लेट वाळवण्याचे काम तेवढे आपल्या हवेत झटकन होते.

संरक्षणाची टक्केवारी काढताना वेलच्या आकड्यातून टीएनएफच्या वेलचा आकडा वजा करावा आणि उत्तराला फक्त अ‍ॅक्टिनोमायसिन व टीएनएफ यांच्या वेलमधील फरकाने भागून शंभराने गुणावे. उदाहरणार्थ अ‍ॅक्टिनोमायसिनचा आकडा १.२०, टीएनएफचा ०.२० आणि एखाद्या वेलचा ०.७० असेल, तर तिथे ५० टक्के संरक्षण झाले. ज्या मात्रेला ५० टक्के मिळतात, ती आपल्या प्रतिपिंडाची अर्धनिष्प्रभकारी मात्रा. आयसोटाइपच्या ओळींत संरक्षण दिसले, तर दोष द्रावणात किंवा सीरममध्ये शोधावा आणि ती प्लेट हिशेबात धरू नये.

मिळालेला आकडा, टीएनएफची मात्रा व त्याचा बॅच क्रमांक, आणि त्या दिवशीचे इनक्युबेटरचे तापमान फ्रीजरमधील डबीवर चिकटवलेल्या चिठ्ठीवर लिहावे. त्याच टीएनएफवर तीच चाचणी उन्हाळा संपल्यावर, जून महिन्यात एकदा पुन्हा करावी, आणि निम्मे संरक्षण मिळवायला आता चौपट प्रतिपिंड लागत असेल, तर उरलेले भाग टाकून द्यावेत.