इंग्लंडमध्ये घर घेताना कागदांची तयारी, आणि त्यात सगळ्यात आधी भारतातलं घर

ही यादी इंग्लंडमधल्या घरखरेदीची. स्कॉटलंड आणि वेल्सचा कर वेगळा आहे, तिकडे हे आकडे लावू नका.

घरं बघायला निघण्याआधी एक काम करा. भारतात तुमच्या किंवा तुमच्या नवऱ्याच्या, बायकोच्या नावावर कुठलंही घर, फ्लॅट किंवा त्यातला हिस्सा आहे का, ते कागदावर लिहून काढा. मागच्या खेपेला माझ्या यादीत बाकी सगळं होतं, हीच ओळ नव्हती. म्हणून ती इथे पुन्हा पुन्हा येईल, कंटाळू नका.

कारण स्टॅम्प ड्युटी, म्हणजे घर घेताना सरकारला भरायचा कर. सॉलिसिटरच्या (खरेदीचं कायदेशीर काम बघणाऱ्या वकिलाच्या) सुरुवातीच्या फॉर्ममध्ये 'याआधी तुमच्या मालकीचं घर होतं का' असा प्रश्न असतो. आपण तो 'या देशात' असा वाचतो आणि 'नाही' वर खूण करून मोकळे होतो. कायद्यात मात्र तो 'जगात कुठेही' असा आहे. रेडिंगजवळ ४,००,००० पौंडांचं घर धरा. आयुष्यात पहिल्यांदा घर घेत असाल तर ३,००,००० पर्यंत कर नाही, वरच्या १,००,००० वर ५ टक्के, म्हणजे ५,००० पौंड. ही सवलत नसेल तर नेहमीच्या दराने १०,०००. आणि कम्प्लीशनच्या (पैसे चुकते होऊन घर ताब्यात येतं त्या) दिवसाअखेर तुमच्याकडे दुसरं घर असेल तर पूर्ण किमतीवर आणखी ५ टक्के, एकूण ३०,०००. एका खुणेवर २५,००० पौंड फिरतात.

आता हिस्स्याचं नीट बघा, घोळ इथेच होतो. वडील हयात आहेत आणि घर त्यांच्या स्वकमाईचं, त्यांच्याच नावावर आहे, तर तुमचा हिस्सा नाही. वडील मृत्युपत्र न करता गेले असतील तर आई, भाऊ, बहिणी सगळ्यांबरोबर तुम्हीही वारस आहात. सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवर अजून वडिलांचंच नाव आहे म्हणून काही बदलत नाही. मुलींनीही हे वाचावं. 'घर दादाकडे आहे' हे उत्तर नव्हे, नोंदणी केलेलं हक्कसोडपत्र झालंय का ते सांगा. घर वडिलोपार्जित, एकत्र कुटुंबाचं असेल तर तुमचा हिस्सा किती, हे तिथल्या वकिलाकडून लेखी घ्या. फक्त सातबाऱ्यावर शेतजमीन असेल तर ते घर धरत नाहीत, पण गावठाणातलं राहतं घर धरतात.

आणि तो कोथरूडचा, डोंबिवलीचा फ्लॅट, ज्याच्या करारनाम्यात बाबांनी 'पुढे सोयीचं पडेल' म्हणून तुमचं नाव दुसरं घातलं होतं. इंडेक्स टू, म्हणजे नोंदणी कार्यालयातला त्या दस्ताचा उतारा, मागवा. घेणाऱ्याच्या रकान्यात तुमचं नाव छापलेलं असेल तर पैसा सगळा बाबांचा होता हे नुसतं सांगून भागत नाही. सॉलिसिटरला दाखवा, पैसे कोणाच्या खात्यातून गेले त्याचे उतारे जोडा आणि त्यांचं मत लेखी मागा.

दोन नियम वेगळे आहेत, त्यांची खिचडी करू नका. पहिल्या घराची सवलत एकदा मालकी झाली की कायमची जाते. वारशाने मिळालेली मालकीसुद्धा धरतात, हिस्सा किती किमतीचा आहे ते बघत नाहीत, आणि नंतर हक्कसोडपत्र केलं तरी ती सवलत परत येत नाही. दोघं मिळून घेत असाल तर दोघांचंही पहिलंच घर असावं लागतं. जादा ५ टक्क्यांचं गणित निराळं. तिथे तुमच्या हिस्स्याची बाजारभावाने किंमत ४०,००० पौंड किंवा जास्त असेल तरच तो मोजतात. हिस्सा गेल्या तीन वर्षांत वारशाने आला असेल आणि निम्म्याहून जास्त नसेल तर सोडून देतात. पण नवरा-बायको एकत्र राहत असतील तर खरेदीत नाव एकाचंच असलं तरी दुसऱ्याचं घरही धरतात. इथलं राहतं घर विकून त्याच्या बदल्यात दुसरं राहतं घर घेत असाल तर पुण्याचा फ्लॅट असूनही जादा कर लागत नाही. नुकतेच या देशात आला असाल आणि खरेदीआधीच्या १२ महिन्यांत १८३ दिवस इथे भरत नसतील तर आणखी २ टक्के, तेही विचारून घ्या.

हे सॉलिसिटर शोधून काढेल असं धरून बसू नका. पुण्याच्या दस्तांपर्यंत त्याचा हात पोहोचत नाही, तुम्ही सांगाल ते तो स्टॅम्प ड्युटीच्या विवरणात भरतो. विवरण खरं असण्याची जबाबदारी तुमची. चूक पुढे निघाली तर राहिलेला कर, व्याज आणि दंड तुमच्याच नावावर येतो.

पुढचं, पैसे कुठून आले त्याचा पुरावा. पगार आणि बचतीचे सहा महिन्यांचे बँक उतारे, हे सगळ्यांना माहीत आहे. भारतातून आई-वडील देणार असतील तर त्यांचा पासपोर्ट, त्यांचे उतारे आणि 'हे कर्ज नाही, घरात आमचा हक्क राहणार नाही' असं सहीचं पत्र. प्लॉट विकून पैसे आले असतील तर खरेदीखत, रक्कम जमा झालेल्या महिन्याचा उतारा आणि बँकेची परदेशी पाठवणीची पावती, अशी साखळी अखंड दिसली पाहिजे. खत मराठीत असेल तर प्रमाणित इंग्रजी भाषांतर आत्ताच करून घ्या, ऐनवेळी त्यात दोन आठवडे जातात. भारतात राहणाऱ्या माणसाला एका आर्थिक वर्षात २,५०,००० डॉलरपर्यंतच पाठवता येतात, आणि १० लाख रुपयांपुढच्या भेटीच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस (आयकरापोटी आधीच कापून घेतलेली रक्कम) घेते. तो भारतातल्या आयकर विवरणात वळता होतो, पण तोवर अडकलेला असतो. मार्च आणि एप्रिल अशी दोन वर्षांत विभागणी करायची तर आत्ताच ठरवा. आणि ज्या घराच्या विक्रीचे पैसे आलेत ते घर कोणाच्या नावावर होतं? तुमचं नाव त्यात होतं का? तोच प्रश्न परत आला, बघा.

सर्व्हे करा, म्हणजे तज्ज्ञाकडून घराची पाहणी. कर्ज देणाऱ्याचं मूल्यांकन म्हणजे सर्व्हे नव्हे.

विकणाऱ्याने भरलेला माहितीचा फॉर्म, म्हणजे टीए सिक्स, ओळ न ओळ वाचा. १ एप्रिल २००२ नंतर खिडक्या बदलल्या असतील तर फेन्साचं (खिडक्या बसवणाऱ्यांच्या नोंदणी योजनेचं) किंवा काउन्सिलचं प्रमाणपत्र हवं. वर माळ्यावर खोली बांधली असेल किंवा आतली भार पेलणारी भिंत पाडली असेल तर बिल्डिंग कंट्रोलचं, म्हणजे बांधकाम नियमांप्रमाणे झालं का ते तपासणाऱ्यांचं, कम्प्लीशन सर्टिफिकेट हवं. नुसती प्लॅनिंगची परवानगी पुरत नाही, ती वेगळी गोष्ट. प्रमाणपत्र नसेल तर घाईने काउन्सिलला फोन करू नका. एकदा तुम्ही त्यांना कळवलंत की त्या दोषासाठीचा इन्डेम्निटी विमा बहुधा मिळतच नाही. आधी सॉलिसिटरशी बोला. शिवाय विमा पैशाची भरपाई देतो, कच्ची तुळई पक्की करत नाही. ते सर्व्हेअरलाच विचारावं लागतं.

टीए टेन वर पडदे, कुकर, शेड कोण ठेवणार ते लिहिलेलं असतं. बघून घ्या.

सर्चेस, म्हणजे सॉलिसिटरने घराबद्दल मागवायच्या अधिकृत चौकशा, तीन तरी: काउन्सिलची, पाणी आणि सांडपाण्याची, पर्यावरणाची. जुना कोळशाचा भाग असेल तर खाणींचीही. सर्च सहा महिन्यांहून जुनी झाली की कर्ज देणारे बहुधा नाकारतात, म्हणून व्यवहार रेंगाळला तर तारखांवर लक्ष ठेवा.

फ्लॅट लीजहोल्ड (ठरावीक वर्षांच्या भाडेपट्ट्यावरचा) असेल तर लीजची उरलेली वर्षं पहिल्याच दिवशी विचारा. ८० च्या आसपास आली असतील तर मुदत वाढवायला किती लागतील ते ऑफर देण्याआधी कळलं पाहिजे. ग्राउंड रेंट (जमीनमालकाला द्यायचं भाडं) किती आणि किती वर्षांनी वाढतो, सर्व्हिस चार्जचे (इमारतीच्या देखभाल खर्चाचे) तीन वर्षांचे हिशेब, पुढचं मोठं काम कधी, उंच इमारत असेल तर बाहेरच्या भिंतीच्या आगीच्या धोक्याचा फॉर्म, ईडब्ल्यूएस वन. ही माहिती व्यवस्थापन कंपनीकडून एलपीई वन फॉर्मवर येते, पैसे भरून, आणि सावकाश येते. विकणाऱ्याला ती आधीच मागवायला लावा.

दोघांच्या नावावर घेताना जॉइंट टेनन्ट्स की टेनन्ट्स इन कॉमन ते ठरवा. पहिल्यात एक गेला की घर आपोआप दुसऱ्याचं होतं, दुसऱ्यात ज्याचा हिस्सा त्याच्या मृत्युपत्राप्रमाणे जातो. पैसे एकाच्या आई-वडिलांकडून आले असतील तर डिक्लरेशन ऑफ ट्रस्ट, म्हणजे कोणाचा हिस्सा किती याचा लेख, करून घ्या.

एक्सचेंज, म्हणजे खरेदीचा करार दोन्ही बाजूंना बांधील होतो तो टप्पा. त्याआधी कर्जाची ऑफर हातात, १० टक्के रक्कम तयार, आणि इमारतीचा विमा एक्सचेंजच्या दिवसापासून, चाव्या मिळतील त्या दिवसापासून नव्हे. नेहमीच्या कराराच्या अटींप्रमाणे जोखीम एक्सचेंजलाच तुमच्याकडे येते. आणि सही करण्याआधी भारतातल्या घराचा प्रश्न शेवटचा विचारा. करार झाल्यावर हे उघडकीस आलं तर २५,००० पौंड कमी पडतात आणि माघार घेता येत नाही. ठरल्या दिवशी पैसे आले नाहीत आणि कम्प्लीशनची नोटीस लागली की दहा कामाचे दिवस मिळतात. तेवढ्यात पैसे उभे राहिले नाहीत तर विकणारा करार मोडून तुमचे १० टक्क्यांचे ४०,००० ठेवून घेऊ शकतो. सॉलिसिटरकडून कराचा आकडा लेखी घ्या, आणि तो कोणत्या माहितीवर काढलाय तेही त्यात लिहायला सांगा.

कम्प्लीशन. पैसे पाठवण्याची बँकेची रोजची मर्यादा आधी तपासा. खात्याचा नंबर बदलल्याची ईमेल आली तर पहिल्या पत्रावरच्या नंबरला फोन करा, ईमेलमधल्या नाही. मीटरचे फोटो. चाव्या.

नंतर १४ दिवसांत स्टॅम्प ड्युटीचं विवरण आणि कर. सॉलिसिटर भरतो, पण प्रत मागा आणि 'पहिलं घर' आणि 'जादा घर' या दोन ओळी स्वतः वाचा. लँड रजिस्ट्रीचा उतारा आला की नावाचं स्पेलिंग पासपोर्टशी जुळवा, मधलं वडिलांचं नाव धरून. या खरेदीनंतर भारतातलं घर वारशाने आलं तर या कराला धक्का लागत नाही. पण वारसा लागल्याची तारीख त्याच फायलीत लिहून ठेवा, पुढच्या खरेदीला तीन वर्षं त्या तारखेपासून मोजतात.